अर्धी हिरवी, अर्धी वांगी

परवा मुलगी आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांच्या दोन फुगलेल्या पिशव्या होत्या. एकही कपडा फाटलेला नव्हता. ती म्हणाली, "आई, आता नवीन घेणं कमी करायचं असं आम्ही मैत्रिणींनी ठरवलंय. एकमेकींचे कपडे घालायचे, दुरुस्त करून वापरायचे, फिरते ठेवायचे." मी नुसती हसले. बोलायचं ते मला नेहमी मागाहून सुचतं. ती गेल्यावर वहिनींची आणि माझी साडी आठवली आणि दिवसभर डोक्यातून जाईना. म्हणून लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. चौथीनंतर माझ्या हातात पेन आलं ते सहीपुरतंच, तेव्हा अक्षराचं व्हायचं ते होवो.

माझं माहेर उल्हासनगरचं. आम्ही त्याला कॅम्प म्हणायचो, अजूनही म्हणतो. आई घरी काज-बटणाचं काम करायची. शिलाईच्या कारखान्यांतून शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे यायचे, त्यांना हाताने काजं करायची, बटणं लावायची, लोंबणारे धागे कापायचे. चौथी झाली आणि मीही तिच्या शेजारी बसले. गठ्ठे देणारा सिंधी शेठ शर्ट उजेडात धरून टाके बघायचा. माझ्या टाक्यांवर तो एकदा म्हणाला, "छोकरी का हाथ बारीक है." मी तेव्हा मोरीत जाऊन उभी होते. शेठ आला की मी मोरीत जात असे आणि तो गेला की बाहेर येत असे. आई म्हणायची, हिचं लग्न लावायचं तर मोरीतच मांडव घालावा लागेल.

लग्न बदलापूरला झालं, हेंद्रेपाड्यात. सासरे शेतकरी, भात पिकवायचे. दोन्ही मुलगे अंबरनाथच्या कारखान्यात कामाला. थोरल्या दिरांचं लग्न आधीच झालेलं होतं. त्यांची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ. हे त्यांना वहिनी म्हणायचे म्हणून मीही वहिनीच म्हणायला लागले. त्या वांगणीच्या. उंच, आवाज खणखणीत, हसल्या की शेजारच्या अंगणात ऐकू जायचं. मी घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आई, ही बोलते का नुसतीच बघते?"

सासूबाई म्हणाल्या, "बोलंल गो. तुज्यासारखी घाई सगल्यांना नसते."

त्या घरात मी बोलायला शिकले ती फक्त वहिनींशी. बाकी कुणाशी 'हो' आणि 'नाही' यापुढे माझी मजल गेली नाही. पाटावर बसून भाकऱ्या थापताना, विहिरीवर धुणं आपटताना त्या बोलायच्या आणि मधेच थांबून म्हणायच्या, "आता तू." म्हणजे आता माझी पाळी. काहीतरी सांगावंच लागायचं. काही नसलं तर मी सांगायची की आज कोंबडीने चुलीमागे अंडं घातलं. त्यावरही त्या हसायच्या.

माझ्या लग्नानंतरच्या गौरी-गणपतीला सासरे कॅम्पात गेले आणि आम्हा दोघींना साड्या घेऊन आले. सुती, काठाला पिवळी रेघ, अंगभर बारीक बुट्टी. दोन्ही अगदी सारख्या, फक्त रंग वेगळा. एक हिरवी आणि एक वांगी. सासरे म्हणाले, "सारख्या आणल्यात. मागनं कटकट नको." वहिनींनी दोन्ही साड्या माझ्या खांद्यावर टाकून बघितल्या. "तू काही गोरी नाहीस. तुला वांगी खुलेल. मला हिरवी."

"तू कुटली गोरी?" सासूबाई म्हणाल्या.

"मी गोरी नाही, पण मी मोठी आहे. मोठीला आधी."

त्या साड्या आम्ही वर्षानुवर्षं नेसलो. आधी सणाला, मग पाहुण्यांकडे जायला, मग घरी. त्या काळी कपड्याचा असाच प्रवास असायचा. ह्यांचा शर्ट झिजला की मी कॉलर उसवून उलटी करून शिवायची, झिजलेली बाजू आत जायची आणि शर्ट आणखी वर्ष काढायचा. मग त्याचं मुलाला काहीतरी, मग उशीचा अभ्रा, मग पुसायला. बटणं आधीच काढून डबीत. कपडा टाकून द्यायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण त्या दोन साड्या झिजल्या त्या वेगवेगळ्या ठिकाणी. वहिनी चुलीपुढे फतकल मारून बसायच्या, त्यामुळे हिरवी साडी बसायच्या जागी पार विरली होती आणि खालच्या भागाला ठिणग्यांनी भोकं पडली होती. पदर मात्र कोरा राहिला होता, कारण त्या पदर कमरेला घट्ट खोचून ठेवायच्या. माझं उलट. मी पदरानेच सगळं करायची. तापलेलं भांडं उतरवायचं ते पदराने, मुलाचं नाक पुसायचं ते पदराने, कुणी परकं आलं की तोंडासमोर धरायचा तोही पदरच. माझ्या वांगीचा पदर जाळीसारखा झाला होता आणि नेसायची बाजू धडधाकट होती.

एकदा दोन्ही साड्या वळणीवर शेजारी वाळत होत्या. सासूबाई खाली बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हिचं डोकं चांगलं हाय आन् तिचं पाय. दंड घाला गो."

दंड म्हणजे काय ते आता सांगायला हवं. साडी मधे विरली की विरलेला भाग कापून काढायचा आणि चांगली दोन टोकं एकमेकांना जोडायची. त्या जोडाच्या शिवणीला दंड म्हणतात. सासूबाईंच्या प्रत्येक लुगड्याला दंड होता आणि तो कुठे आहे ते त्यांनी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. दोन कडा एकमेकींत दुमडून दोन्ही अंगांनी बारीक टाके घालायचे. झालं की डोळे मिटून शिवणीवरून बोट फिरवायचं. बोटाला शिवण लागली तर उसवायची.

पण एकीच्या साडीला दुसरीची साडी जोडायची, हे मी कधी पाहिलं नव्हतं. वहिनींना ती कल्पना इतकी आवडली की त्यांनी जेवायच्या आधीच कात्री आणली. माझी नेसायची बाजू आणि त्यांची पदराची बाजू. काठ सारखेच असल्यामुळे पिवळी रेघ पिवळ्या रेघेला बरोबर मिळाली. आम्ही पडवीत समोरासमोर बसलो. मी वरच्या काठाकडून शिवत आले, त्या खालच्या काठाकडून. मधे भेटायचं असं ठरलं. माझे टाके मोहरीएवढे, त्यांचे तांदळाएवढे. त्या बोलत होत्या आणि दोरा ओढत होत्या, मी ऐकत होते. शेवटी मधे भेटलो तर त्यांच्याकडून कापड ओढलं गेलेलं, आणि नेमका मधोमध एक झोळ आला.

मी उसवायला लागले. वहिनींनी हात धरला. "राहू दे. तुझं कुठे संपलं आणि माझं कुठे लागलं ते कळेल तरी."

सासूबाईंनी डोळे मिटून बोट फिरवलं. माझ्या अर्ध्या भागावरून बोट सरळ गेलं. वहिनींच्या भागावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं गाडी रुळावरून घसरली."

साडी नेसली की निऱ्या वांगी आणि पदर हिरवा. पहिल्यांदा कोणी नेसायची यावर आमची हुज्जत झाली. मी म्हणे तुम्ही, त्या म्हणत तू. शेवटी असं ठरलं की गौरीला त्यांनी आणि संक्रांतीला मी. मधल्या काळात जिला कुठलं निमंत्रण येईल, तिने.

त्या वेळी आमच्याकडे नव्या इमारती होऊ लागल्या होत्या आणि कारखान्यातले साहेब लोक तिथे राहायला आले होते. त्यातल्या एका घरी हळदीकुंकवाला वहिनी ती साडी नेसून गेल्या. मी त्यांच्या मागे, दारातच. घरातल्या बाईंनी साडीकडे बघितलं आणि विचारलं, "अय्या, हे दोन रंगांचं कुठलं हो नवीन निघालंय?"

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कॅम्पातलं. तिथे सगळं आधी येतं."

"दुकान कुठलं?"

"दुकान नाही, घरीच मिळतं. ओळखीचं आहे." आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडात कोंबला. पुढच्या वर्षी त्या बाईंनी दोन नव्या कोऱ्या साड्या फाडून तशीच शिवून घेतली होती. वहिनींना ते दिसलं तेव्हा त्या घरी येईपर्यंत कशाबशा गप्प राहिल्या आणि अंगणात आल्यावर विहिरीच्या कठड्याला धरून हसत बसल्या.

ती सगळ्यात चांगली वर्षं. तेव्हा ते कळलं नाही.

सासरे गेल्यावर भावाभावांचं बिनसलं. विहिरीशेजारी भाताची एक पट्टी होती, ती बिल्डरला द्यावी असं थोरल्या दिरांना वाटत होतं. हे म्हणत, बापाची जमीन विकायची नाही. रोज रात्री जेवताना तेच. एकदा वहिनी भात वाढता वाढता बोलून गेल्या, "विकली तर दोघांच्या मुलांची शिक्षणं होतील, भाऊजी." त्या एवढंच म्हणाल्या. ह्यांनी ताट सारलं आणि भावाला म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, वेगळी चूल मांड. आणि एकदा गेली की या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही."

वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला.

अंबरनाथ पश्चिमेला त्यांनी खोली घेतली. वाटणीच्या दिवशी भांडी मोजून झाली, अंथरुणं झाली. मग सासूबाईंनी ट्रंकेतून ती साडी काढली आणि दोघा मुलांसमोर ठेवली. "ही कुनाची?"

थोरले दीर म्हणाले, "मधून फाडा."

वहिनी म्हणाल्या, "नको. तिच्याकडे राहू दे. गौरीला मी मागून घेईन." आणि माझ्याकडे न बघता पिशव्या उचलून बाहेर पडल्या. उंबऱ्याबाहेर गेल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि एकदा मागे बघितलं. मी दारामागे उभी होते. बाहेर यायला हवं होतं, पण मी आले नाही.

त्यानंतर आमच्यात बोलणं उरलं नाही. त्यांना घरात यायची बंदी होती. मला तिकडे जायला कुणी अडवलं नव्हतं, पण कुणी जा असंही म्हटलं नव्हतं, आणि कुणी जा म्हटल्याशिवाय मी आयुष्यात कुठे गेलेली नव्हते. सासूबाई मात्र दोन्हीकडे जायच्या. एका स्टेशनाचं तर अंतर. गौरीच्या आधी त्या साडी पिशवीत घालून घेऊन जायच्या, आणि संक्रांतीच्या आधी परत आणायच्या.

साडी परत आली की तिला वहिनींच्या घराचा वास असायचा. माझ्याकडे तांदळाच्या पेजेची खळ, तिकडे निळीचा आणि साबणाच्या पावडरीचा वास. पहिल्या वेळी घडी उलगडली तर पदराच्या टोकाला गाठ. सोडली तर आत वालाचे चार दाणे, वांगणीचे. वहिनींच्या माहेरचा वाल मला आवडतो हे त्यांना माहीत होतं. मी ते दाणे कुंपणाला लावले.

पुढच्या गौरीला मी गाठ बांधली. आमच्या पट्टीतल्या लवकर येणाऱ्या भाताच्या दोन लोंब्या घातल्या. साडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. जिच्यावरून भांडण झालं त्याच पट्टीतलं भात. त्यांना वाटेल, हिणवते. कितीतरी दिवस मला जेवण गोड लागेना. संक्रांतीला साडी आली तेव्हा मी आधी पदर चाचपला. गाठ होती. आत आवळासुपारी, आणि त्यातला एक तुकडा अर्धा चावलेला. सासूबाई म्हणाल्या, "तिने त्या लोंब्या देवापुढं लावल्यात."

अशी ती साडी येत-जात राहिली. कधी गाठीत अबोलीचं बी, कधी चिंचेचा गोळा, कधी केसांची पिन, जी मी वाटणीत तिकडे गेलेल्या टोपलीत विसरले होते. आम्ही दोघी लिहिणाऱ्या नव्हतो. एवढंच होतं आमचं बोलणं. "आता तू" असं त्या म्हणताहेत, असं मला गाठ सोडताना वाटायचं.

पट्टी शेवटी विकलीच गेली. दोघा भावांनी एका टेबलावर सह्या केल्या आणि एकमेकांकडे न बघता बाहेर आले. तरी उंबऱ्याचा शब्द तसाच राहिला. बोललेला शब्द मागे घ्यायचा कसा हे ह्यांना माहीत नव्हतं आणि तो मागे घ्या असं म्हणायचं कसं हे मला.

मग सासूबाई अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या खाटेवरून उठल्या नाहीत. साडी त्या वेळी वहिनींकडे होती.

संक्रांत आली, साडी आली नाही. थोरले दीर आईला बघायला यायचे, पडवीत बसायचे, चहा न घेता जायचे. त्यांच्याकडे विचारावं असं दर वेळी मनात यायचं. पण पुरुषमाणूस साडीची पिशवी घेऊन कुठे येणार, आणि मी विचारणार तरी कुठल्या तोंडाने. पुतणीचं लग्न झालं. हे अक्षता टाकून लगेच परत आले. सासूबाईंना सोडून जाता येत नाही म्हणून मी घरी राहिले. ते खरं कारण होतं की आडोसा होता, आता मलाच सांगता येत नाही. दुसरी संक्रांतही तशीच गेली. सुगडं पुजताना मला वाटलं, वहिनींनी आता सोडून दिलं.

आमच्याकडे वांगणीची एक भाजीवाली यायची. ती सकाळी अंबरनाथला बसायची आणि उरलेला माल घेऊन दुपारी बदलापूरला फिरायची. एका दुपारी तिने टोपली उतरवली आणि पालेभाजीखालून एक पिशवी काढली. "तुमच्या जावेनं दिली."

मी पिशवी आत नेली. उघडली. त्यात साडी नव्हती, अर्धी साडी होती. दंड उसवलेला होता. कडेला टाक्यांची बारीक भोकं ओळीने दिसत होती. आणि होती ती हिरवी बाजू.

मी खाली बसले. दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, वहिनींनी जोड तोडला, वाटणी पूर्ण केली. आणि दुसरी, ती करतानाही त्यांनी नीट बघितलं नाही. माझी वांगी होती. स्वतःची हिरवी मला पाठवून दिली. पदराची टोकं चाचपली. गाठ नव्हती.

सासूबाईंना दिसत नव्हतं फारसं. त्या म्हणाल्या, "आन इकडं." कापडावरून हात फिरवत त्या काठापर्यंत गेल्या. "ही पदराची बाजू. ही तिची हाय."

"चुकून आली," मी म्हणाले.

"मंग देऊन ये."

"मी?"

"मी जाऊ?" सासूबाई म्हणाल्या. "मी पडून हाय ती पडून हाय, कुटं पलत नाय. तू जा."

रात्रभर ती पिशवी माझ्या ट्रंकेवर होती. दुसऱ्याची वस्तू घरात. सकाळी हे कामावर गेले, शेजारणीला सासूबाईंजवळ बसवलं आणि मी निघाले. स्टेशनापासून घर कुठे ते मला माहीत नव्हतं. भाजीवालीने सांगितलेली खूण, म्हणजे पिठाच्या गिरणीवरचा दुसरा मजला, एवढ्यावर गेले. गिरणीवाल्याला विचारायला हवं होतं, ते धाडस होईना, म्हणून गिरणीपुढून दोनदा गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा वरून आवाज आला, "अगं, जिना उजवीकडे आहे."

वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. केस पिकले होते. आवाज तोच.

दार उघडून त्या समोर आल्या. मी पिशवी पुढे धरली. वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. "चुकून आली. माझी वांगी होती."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. आत ये."

मी उंबऱ्याबाहेरच उभी. वहिनी दाराला टेकल्या आणि म्हणाल्या, "वांगी पाठवली असती तर तू ठेवून घेतली असतीस. थोडी रडली असतीस आणि ट्रंकेत टाकली असतीस. पण दुसऱ्याची वस्तू घरात असली की तुला घास गिळत नाही. मी तुला ओळखत नाही का? आई हिंडत्या-फिरत्या होत्या तोवर साडी फिरत होती. आता मला तर तुझ्या घरात पाय टाकायचा नाही. मग तुला इथे आणायचं कसं?"

आतून पुतणीचा आवाज आला, "काकू, आधी आत या. भाजीवाली गेल्यापासून आईने गॅलरी सोडली नाही. माझी वरणाची फोडणी पण तिने तिथूनच सांगितली." ती खाटेवर बसली होती. पोट पुढे आलेलं. बाळंतपणाला माहेरी आली होती.

तेव्हा मी दोरीवर बघितलं. तिथे वांगी रंगाची लहान लहान चौकोनी दुपटी वाळत होती. माझ्या साडीची. धुऊन धुऊन मऊ झालेली, बुट्टी पुसट झालेली. कडेला तांदळाएवढे टाके.

"नव्या बाळाच्या अंगाला जुनं सुती लागतं," वहिनी म्हणाल्या. "आणि ज्या बाईची मुलं धडधाकट आहेत तिचं नेसलेलं असावं. तुझी आहेत. म्हणून तुझी बाजू मी ठेवून घेतली, तुला न विचारता. आता भांड माझ्याशी."

मी त्या दुपट्यांना हात लावत राहिले.

"दुपटी मी केली," त्या म्हणाल्या. "झबलं मात्र तू शिव. माझे टाके पोराला टोचतील. आणि एक सांगू? दंड उसवताना माझी बाजू चुटकीसरशी आली. तुझी येईना. दोन दुपारी बसले होते गं सुई घेऊन. काय शिवलं होतंस, लोखंड?"

मग मी हसले. किती वर्षांनी ते मला मोजायचं नाही.

त्यांनी हिरवी बाजू पसरली. पदराचा कोरा भाग माझ्यापुढे घेतला. एक वांगी तुकडा त्यांनी वेगळा काढून ठेवलेला होता. झबल्याची पुढची बाजू हिरवी, पाठ वांगी, असं ठरलं. मी शिवायला बसले. तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची असते, आत ठेवली तर कातडीला लागते. वहिनी समोर बसून बोलत होत्या. मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "आता तू."

मी सांगितलं. वालाच्या वेलाबद्दल, सासूबाईंच्या खुब्याबद्दल, लोंब्या पाठवल्यावर मला जेवण गोड लागत नव्हतं त्याबद्दल. त्या ऐकत राहिल्या.

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी नुकतीच पोहोचले होते. "कुठे होतीस?"

"वहिनींकडे."

ते हातपाय धुवायला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज आला. परत आल्यावर विचारलं, "कशा आहेत?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. मी म्हणाले, "पुतणीचं बाळ आलं की आईंना पणतवंड दाखवायचंय. आईंना तिकडे नेता येत नाही. त्यांनाच इकडे यावं लागेल. वहिनींनाही."

त्यांनी कपाला हात लावला नाही. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "चा निवतोय."

मुलगा झाला. बारसं झाल्यावर एका रविवारी ते सगळे आमच्या अंगणात आले. थोरले दीर आत आले, पुतणी आली. वहिनी बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर थांबल्या. चपला काढल्या, पण पाऊल टाकेनात. डोळे ह्यांच्यावर. मी आतून ह्यांच्याकडे बघत होते. या वेळी मी दारामागे नव्हते, दारात उभी होते.

हे पुढे गेले आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले. घाबरत घाबरत, कारण तान्ह्या मुलांना त्यांनी कधी नीट धरलेलं नव्हतं. "वहिनी, आत या," ते म्हणाले. "मला एकट्याला हे सांभाळता येणार नाही."

वहिनी आत आल्या. घरात काही बदललं का ते बघावं तसं एकदा सगळीकडे बघितलं आणि सरळ सासूबाईंच्या खाटेवर बसल्या. बाळ सासूबाईंच्या कुशीत ठेवलं. सासूबाईंनी आधी त्याचं डोकं चाचपलं, मग पाय, मग झबलं. शिवणीवर बोट आलं तसे त्यांनी डोळे मिटले आणि बोट शेवटापर्यंत सावकाश नेलं.

"लागत नाय," त्या म्हणाल्या.

"तिची आहे म्हणून," वहिनी म्हणाल्या. "माझी असती तर पोरगं आत्तापर्यंत रुळावरून घसरलं असतं."